बदल्यांचा हंगाम

रेवा, ईशान,

तुमच्याकडचे ट्यूलिप संपत आल्याचा फोटो तुमच्या बाबांनी काल पाठवला. इकडे केळीची पानं फाटायला लागली आहेत. वैशाख सरत आला की तापीच्या पात्रातून गरम वारा निघतो, जैनाबादच्या बाजूने गावात शिरतो आणि वाटेतल्या बागांमधल्या एकेका पानाच्या झिरमिळ्या करून ठेवतो. बागवाले कडेने हिरवी जाळी बांधतात, तिची फडफड रस्त्यावरून जाताना ऐकू येते. दुपारी वीज गेली की गल्लीतले पॉवरलूम एकदम थांबतात, आणि ती खटखट थांबल्यावरच कळतं की सकाळपासून ती चालू होती. मग घरात कूलरच्या वाळ्याचा ओला वास तेवढा उरतो.

तुम्हाला वाटेल, आजी आता आंब्यांबद्दल लिहील. आंबेही आहेत. पण आमच्या घरात या दिवसांना वेगळंच नाव होतं. बदल्यांचा हंगाम.

सरकारी नोकराला एका गावात फार काळ राहू देत नाहीत. वर्षभर बदल्यांवर बंदी असते, आणि उन्हाळ्यात काही दिवस ती उठते, धरणाचं दार उघडावं तशी. त्या थोड्या दिवसांत कोण कुठे जाणार ते ठरतं. तुमचे आबा शिक्षण खात्याच्या स्थापना शाखेत होते, म्हणजे जिथे नेमणुका आणि बदल्यांचे कागद तयार होतात तिथे. तेव्हा बुऱ्हाणपूर जिल्हा झाला नव्हता, कचेरी खंडव्याला होती. ते सकाळच्या पॅसेंजरने जात आणि अंधार पडता पडता परत येत. या दिवसांत त्यांच्या बोटांना कार्बनचा निळा रंग असे आणि शर्टाला स्टेन्सिलच्या शाईचा वास. मी तो शर्ट वेगळा भिजवत असे. अजून कुठे तसला वास आला तर मला आधी उन्हाळा आठवतो आणि मग शाई.

बुऱ्हाणपुरात केळं नाही असं घर नसेल. पण अक्षय तृतीया झाली की बदल्यांच्या ऑर्डरी निघेपर्यंत आमच्या घरात केळं यायचं नाही. हा आबांचा नियम. झालं असं होतं की बदली हवी असलेला किंवा नको असलेला जो कोणी घरी येई, तो हातात केळ्यांची फणी घेऊन येई. तिला लाच म्हणणंही कठीण होतं, कारण आपल्याकडे कोणी कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जातच नाही. घेतली तर मिंधेपण, नाकारली तर उर्मटपणा. शेवटी आबांनी ठरवलं की या दिवसांत विकतचंही केळं आणायचं नाही. दारातून आत गेलेलं केळं विकतचं की आणून दिलेलं, हे गल्लीतल्या माणसाला कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं.

काही लोक फणी उंबऱ्यावर ठेवून पळून जात. गल्लीतल्या शेळ्यांना हे पाठ झालं होतं. वैशाख लागला की त्या आमच्याच दाराशी येऊन बसत. तुमचे बाबा तेव्हा पहिलीत असतील. एकदा त्यांनी आबांना विचारलं, "सालं बाहेर फेकून आणलं तर?" आबांनी बराच विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "साल कुठं पडलंय तेही लोक बघतात, बेटा." सत्यनारायणाच्या प्रसादात केळं नाही म्हणून गुरुजी एका वर्षी चिडले. "बाबूसाहेब, देवाची बदली करायची आहे का कुठं?" म्हणाले. आबा हसले, पण केळं आलं नाही. त्या वर्षीच्या प्रसादात चिकू होता.

मी स्वतः खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे मला बदली नव्हती. पण शाळा उघडली की माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांवर फरक दिसे. कुणा फौजदाराची, कुणा नर्सबाईची मुलगी गेलेली असे, आणि तिच्या जागी नवी, वेगळ्याच गावची हिंदी बोलणारी, डबा झाकून खाणारी मुलगी बसलेली. मी तिला पहिल्या दिवशी विचारत असे, "Where have you come from?" बहुतेक जणी गावाचं नाव सांगून थांबत. एकीने मात्र सांगितलं होतं, "From transfer, madam." मी ते वाक्य दुरुस्त केलं नाही.

हे सगळं या वर्षी वर आलं ते एका चर्चेमुळे. सरकारी यंत्रणा किती असावी, तिच्यातली माणसं कमी करावीत का, यावर संसदेत वाद झाला. वाद केव्हाच संपला, पण त्याचे तुकडे अजून फोनवर फिरताहेत. तुकड्यांवरून मत बनवू नये असं मी जन्मभर वर्गात सांगितलं, म्हणून तुम्ही दिलेल्या टॅबवर तो पूर्ण शोधून काढला आणि आबांच्या पलंगाशी बसून ऐकला. तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर आबांची डावी बाजू गेली आहे. शब्द येतात, पण एकेक करून, जिना चढल्यासारखे.

एक सदस्य म्हणत होते की नागरिकाला कुठल्याच टेबलासमोर उभं राहायची वेळ येऊ नये. प्रत्येक टेबल ही एक भिंत आहे, ती पाडली पाहिजे. त्यांचं इंग्रजी सुरेख होतं, एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. दुसरे उठून म्हणाले, कारकून काम करत नाही असं तुम्ही म्हणता, पण खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी ठेवल्यावर काम करणार कोण? मग बाकं वाजली, अध्यक्ष खाली बसा, खाली बसा म्हणत राहिले.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांचं जास्त पटत होतं. हे घर माझ्या नावावर करायला मी एका कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला कुत्रा मला ओळखायला लागला होता. बाबू सदा चहाला गेलेले. तुमची नंदा आत्या तेव्हा आबांचे केस विंचरत होती. ती म्हणाली, "आई, या दोघांना एकदा झेरॉक्सच्या रांगेत उभं करायला पाहिजे. लंचपर्यंत एकमत होईल."

ती हसत होती, पण दोन दिवसांपूर्वीच तिला कळलं होतं की तिच्या खात्यातल्या पदांची छाननी झाली आहे आणि ती अतिशेष ठरली आहे. अतिशेष म्हणजे गरजेपेक्षा जास्त. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एका सकाळी फोनवर कळतं की आपण जास्त आहोत. तिची नोकरी जाणार नव्हती, पण तिला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलाच्या जिल्ह्यात पाठवणार होते. इथून गाडी बदलत बदलत एक दिवस आणि एक रात्र लागते.

आत्या काय काम करते, तुम्हाला नीट माहीत नसेल. अपंग माणसांसाठी शिबिरं भरवायची, त्यांची डॉक्टरांकडून तपासणी करवून घ्यायची, कुणाला तीनचाकी तर कुणाला कानाचं यंत्र मिळवून द्यायचं. या कामात ती माणूस उचलायला शिकली. आबांना दर काही तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतील असं डॉक्टरांनी बजावलं आहे. नंदा त्यांना असं वळवते की त्यांची झोपही मोडत नाही. माझं मनगट आता कुकरचं झाकण फिरवतानाही दुखतं. म्हणजे प्रश्न साधा होता. नंदा गेली तर आबांना कोण वळवणार?

विनंती अर्ज ऑनलाइन करायचा होता. जेवायच्या सुट्टीत घरी येऊन तिने माझ्या समोरच तो भरायला घेतला. कारण निवडायचं होतं. स्वतःचा आजार, पती किंवा पत्नीचा आजार, अपत्याचा आजार. आई-वडील त्यात नव्हते.

"खाली लिही की," मी म्हणाले. "खाली जागा असेल."

"खाली जागा नाही, आई. यातलं एक निवडल्याशिवाय पुढंच जात नाही."

"मग?"

"मग लग्न करून टाकते. पण नवरा आजारी बघावा लागेल, तेवढं ध्यानात ठेव."

पलंगावरून आबांचा हसण्याचा आवाज आला. त्यांचं हसणं आता खोकल्यासारखं येतं. तक्रारीच्या नंबरवर फोन लावला तर एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, "आपका अनुरोध हमारे लिए महत्त्वपूर्ण है." नंदा तिच्याशी बोलायला लागली आणि मग लक्षात आलं की ती बाई ऐकत नाही, फक्त सांगते.

आपल्या समोरच्या घरात शकुंतलाबाई राहतात, त्यांना तुम्ही पाहिलं आहे. तुम्हाला दराब्याची मिठाई देणाऱ्या आजी. त्या शिक्षिका होत्या. निंबोल्याच्या शेतकरी घरातल्या. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला याद आहे का, मी केळं घेऊन आली होती ते?"

मला आठवत होतं. तेव्हा त्या तरुण होत्या, कडेवर पोर, डोक्यावर ऊन, हातात फणी. त्यांची बदली जंगलापलीकडच्या एका शाळेत होणार होती. आबांनी फणी दाराबाहेर ठेवायला लावली, त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "काय अडचण आहे, सावकाश सांगा." ही त्यांची रीत होती. कारकुनाला बदली थांबवता येत नाही, पण साहेबांकडे कागद पाठवताना नावाशेजारी टीप लिहिता येते: मूल लहान आहे, सासू अंथरुणाला खिळली आहे, मुलगी बारावीत आहे. जो येईल त्याचं ऐकायचं आणि जे खरं असेल ते लिहायचं, एवढंच ते करत. न येणाऱ्यांचीही कोणाकोणाला विचारून लिहीत.

"काय फायदा झाला?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "साहेबांनी बाबूंची टीप काट मारून टाकली. गेलीच न मी. सात कोस पैदल, पोर पाठीवर. रस्ताभर तुमच्या मालकाला शिव्या देत जायची मी."

"त्यांचा काय दोष होता?" मी म्हणाले.

"दोष नव्हताच. पण मला शिव्या द्यायला एक माणूस तरी होता, वहिनी. चेहरा होता समोर. आता नंदा कोणाला देणार?" मग आत पलंगाकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "काय बाबूजी, आठवतंय न? सगळ्या शिव्या तुमच्या खात्यात जमा आहेत."

आबांनी उजवा हात थोडा उचलला. "पोचल्या," म्हणाले.

नंदाला न सांगता मी तिच्या खात्याच्या कचेरीत गेले. ती शिबिराला गेली होती, आबांजवळ मी शकुंतलाबाईंना बसवलं. कडक इस्त्रीची साडी नेसले आणि रिक्षात बसून मनाशी एक वाक्य तयार केलं, इंग्रजीत, कारण रागाचं बोलणं मला इंग्रजीत नीट जमतं. तिथली खोली थंड आणि स्वच्छ होती. टेबलं फार थोडी. माझ्या हेलपाट्यांच्या काळची धूळ, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, पानाच्या पिचकाऱ्या, काही नव्हतं. संसदेतल्या त्या पहिल्या सदस्यांना हवी तशीच ती खोली होती. एका टेबलाशी चाळिशीतले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी उठून मला खुर्ची दिली.

"माताजी, बैठिए. पानी लेंगी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून नंदाचं नाव दाखवलं. नावासमोर गुण होते. नोकरीची वर्षं, अंतर, रिकामी पदं, सगळ्याची बेरीज होऊन नाव बरोबर त्या जंगलाच्या जिल्ह्यासमोर जाऊन बसलं होतं.

"याला टीप लिहिता येत नाही का?" मी विचारलं. "शेजारी? दोन ओळींची?"

"शेजारी काही नसतं, माताजी. हे वरूनच लॉक होऊन येतं. आम्ही फक्त बघू शकतो." स्क्रीन परत आपल्याकडे वळवून ते म्हणाले, "मेरी तो खुद की नौकरी एजेंसी की है. पुढच्या मार्चला ठेवतील का, मलाच मालूम नाही."

माझं इंग्रजी वाक्य तसंच राहिलं. ते मला दारापर्यंत सोडायला आले, पायरी उतरताना हात धरला. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, त्यांनी थोडं वाईट वागायला हवं होतं. मला घरी काहीतरी नेता आलं असतं.

त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "कागद घे. लिही."

त्यांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली, कचेरीच्या हिंदीत. एरवी पाणी मागायला त्यांना वेळ लागतो, पण ते शब्द कुठे जपून ठेवले होते कोण जाणे, एकामागून एक आले. "सविनय निवेदन है कि..." मी थांबवलं. "अहो, आधी वरती कोणाच्या नावे ते सांगा."

त्यांनी एक पद सांगितलं. नंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाबा, ते पद आता नाही."

त्यांनी दुसरं सांगितलं.

"त्यांच्याकडं कागद घेत नाहीत. सगळं ऑनलाइन."

आबांनी डोळे मिटले. जन्मभर त्यांनी कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे लोकांना सांगितलं होतं. गल्लीतली माणसं पोस्टात जायच्या आधी त्यांना विचारत. मग म्हणाले, "मजकूर लिही. नाव मागून घालू." मी मजकूर लिहिला. पाच ओळींचा, एकही शब्द जास्त नाही. नाव घालायचं राहिलं ते राहिलंच.

ऑर्डर आली तेव्हा नंदा कणीक मळत होती. पिठाच्या करंगळीने तिने फोन उघडला, वाचला आणि उलटा ठेवला. मला वाटलं होतं, आबा म्हणतील जाऊ नकोस. नोकरी सोड, आपलं भागेल. मी वाट बघत होते, तीही बघत असावी. ते म्हणाले, "रुजू... कधी व्हायचं?" तिने तारीख सांगितली. "वेळेत जा," म्हणाले. "वरचेवर... मुदत मागू नये."

जाण्याआधी तिने मला उशी कुठे लावायची, हात कुठे घालायचा, सगळं दाखवलं. मी चांगल्या विद्यार्थिनीसारखं बघितलं. भागवत नावाचे एक गृहस्थ ठरवून दिले; दिवसा ते दवाखान्यात वॉर्डात काम करतात, सकाळी आणि संध्याकाळी आपल्याकडे येतात. मधल्या वेळी मी. स्टेशनवर मला येऊ दिलं नाही. शकुंतलाबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "शिव्या मनात नको ठेवू. मला फोन करून दे."

आज तिचा फोन आला. आबांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. तिथे कचेरी म्हणजे एक खोली आहे, म्हणाली, मागे महुवाची झाडं. तिच्या खुर्चीवर फार दिवसांत कोणी बसलं नव्हतं. खणात पालीची अंडी निघाली. मॅडम आल्या म्हणून कुठूनशी बातमी पसरली आणि सकाळीच माणसं बाहेर येऊन बसली. एक बाई आपल्या मोठ्या मुलाला पाठीवर घेऊन आली होती. त्याचे पाय जन्मापासून गेलेले. चालत आली होती.

"मी त्याला खाली उतरवून घेतलं, आई. तिची पाठ सरळ होईना. म्हणते, किती वेळा येऊन गेले, इथं कुलूप असायचं."

इतके दिवस मी मनात कोणाकोणाला दोष देत होते. त्या सदस्यांना, गुणांच्या त्या बेरजेला, कुलूप लावणाऱ्यांना, उघडणाऱ्यांना. त्या बाईचं ऐकल्यावर तेही हातातून गेलं. नंदा परत यावी असं मागायचं म्हणजे तिथे पुन्हा कुलूप लागावं असं मागायचं. आणि न मागावं तर इथे हे असे.

आबा म्हणाले, "तुझ्या आधी... तिथं कोण होतं?"

"कोणीच नव्हतं, बाबा."

"मग रजा... इतक्यात मागू नकोस."

"बरं," ती म्हणाली. मग मुद्दाम काहीतरी जेवणाखाण्याचं बोलली आणि फोन ठेवला.

त्यानंतर आबांना कूस बदलायची होती. ते सांगत नाहीत, पण उजवा हात गादीवर सरकायला लागला की मला कळतं. मी उशी लावली, दाखवलं होतं तसे हात घातले आणि जोर केला. ते अर्धे वळले. पुढे माझ्याने होईना. मागे सोडावं तर धाडकन पाठीवर पडले असते. मी पलंगाच्या कडेवर बसून त्यांच्या पाठीला माझा खांदा लावला. त्यांचा श्वास माझ्या हाडांत ऐकू येत होता.

"सोड," ते म्हणाले.

मी म्हणाले, "येतीलच आता भागवत." त्यांना यायला अजून बराच अवकाश होता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.